ॲनालिस्ट रेटिंगचं पेड ॲप: ५ पैकी अडीच स्टार

टेक शेअर्सबद्दल मोठ्या ब्रोकरेजचे ॲनालिस्ट काय म्हणतायत ते लगेच फोनवर पाठवणारी जी पेड ॲप्स आहेत त्यातलं एक मी बऱ्यापैकी काळ वापरतोय. नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळी एकाच माळेचे मणी आहेत आणि माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाहीये. काम काय करतं तर कुठल्या शेअरचं अपग्रेड झालं, डाउनग्रेड झालं (म्हणजे बाय-घ्या, होल्ड-ठेवा, सेल-विका यातलं रेटिंग वर किंवा खाली गेलं), टार्गेट (म्हणजे ॲनालिस्टच्या मते शेअर पुढे ज्या भावाला जाईल तो आकडा) वाढलं, कमी झालं की नोटिफिकेशन येतं, शिवाय सगळ्यांचं मिळून कन्सेन्सस रेटिंग, सरासरी टार्गेट, आणि प्रत्येक ॲनालिस्टचे जुने कॉल किती बरोबर आले त्यावरून त्याला दिलेले स्टार. जाहिरातीत लिहिलंय की मार्केटच्या आधी तुम्हाला कळेल. तिथूनच सुरू करतो, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे.

ॲनालिस्टची नोट, म्हणजे त्याचा रिसर्च रिपोर्ट, आधी जाते त्या ब्रोकरेजच्या स्वतःच्या क्लायंटकडे, म्हणजे म्युच्युअल फंड, हेज फंड, पेन्शन फंड वगैरे, जे त्या रिसर्चचे पैसे मोजतात. मग ती न्यूज वायरवर येते, टीव्हीवर पट्टी फिरते, आणि मग आपलं ॲप टिंग करतं. एक नमुना सांगतो. एका चिप कंपनीचा अलर्ट आला, हिरवा बाण, 'अपग्रेड! होल्डवरून बाय', टार्गेटमध्ये घसघशीत वाढ, वर ते चमचम ॲनिमेशन. चार्ट उघडला तर शेअर प्री-मार्केटमध्येच, म्हणजे मार्केट उघडण्याआधीच्या व्यवहारात, चार टक्के वर बसलेला आणि चार्टवर ती उडी अलर्टच्या वेळेच्या बरीच आधीची. मार्केट उघडल्यावर पहिली पंधरा मिनिटं अजून थोडा वर गेला, मग दिवसभर घसरत घसरत निम्मी वाढ परत दिली. म्हणजे अलर्ट बघून उघडताना ज्यांनी घेतला त्यांनी आधीच्या लोकांना बाहेर पडायला गिऱ्हाईक मिळवून दिलं, दुसरं काही नाही. ॲपच्या रेकॉर्डमध्ये मात्र तो कॉल 'यशस्वी' म्हणून लागला, कारण ते मोजतात आदल्या दिवसाच्या बंद भावापासून, जो भाव अलर्ट वाचणाऱ्याला कधी मिळणारच नव्हता. हे मला अजिबात पटलं नाही.

आता कोणी म्हणेल की मग ॲनालिस्टच्या बोलण्याला काही अर्थच नाही का. तसं नाहीये, भाव हलतो, आणि टेकमध्ये तर जरा जास्तच हलतो. कारण टेक कंपनीची बरीचशी किंमत पाच-दहा वर्षांनंतरच्या कमाईवर ठरते, ती आज कोणाला दिसत नाही, त्यामुळे जो कोणी आकडा घेऊन ठामपणे उभा राहतो त्याच्याकडे लोक बघतात. १६ डिसेंबर १९९८ ला हेन्री ब्लॉजेट या तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या ॲनालिस्टने ॲमेझॉनचं टार्गेट १५० डॉलरवरून एकदम ४०० केलं, शेअर होता २४० च्या आसपास, त्या एका दिवसात तो जवळजवळ वीस टक्के उडाला आणि महिन्याच्या आत ४०० पण गाठले. पुढच्या वर्षी २९ डिसेंबर १९९९ ला पेनवेबरच्या ॲनालिस्टने क्वालकॉमला १००० डॉलरचं टार्गेट दिलं आणि तो एका दिवसात ३१ टक्के वर, तेही त्या वर्षात आधीच वीस पटीहून जास्त वाढलेला असताना. कंपनीत त्या दिवशी काय बदललं होतं? काहीच नाही, फक्त कोणीतरी चार आकडी टार्गेट छापलं होतं. त्यानंतर मार्च २००० मध्ये नॅस्डॅक या टेक शेअर्सचा भरणा असलेल्या अमेरिकन इंडेक्सने ५०४८ चा टॉप केला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तो ७८ टक्के पडला. ॲमेझॉनचे मधले स्प्लिट (म्हणजे एका शेअरचे जास्त शेअर करून भाव त्या प्रमाणात कमी होणं) धरले तर ब्लॉजेटच्या ४०० चे साधारण ६७ होतात, आणि सप्टेंबर २००१ मध्ये शेअर सहा डॉलरच्या खाली मिळत होता. पुढे ॲमेझॉनचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये, पण ४०० ला घेऊन सहाला न विकता बसलेले किती असतील हा वेगळाच विषय.

हा इतिहास मी रिव्ह्यूमध्ये का आणतोय, तर ॲपमध्ये एक गोष्ट नाहीये जी असायलाच हवी होती. २००२ मध्ये न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी मेरिल लिंच या ब्रोकरेजचे आतले ईमेल बाहेर काढले (ब्लॉजेट मधल्या काळात तिथे कामाला होता), त्यात दिसलं की बाहेर गुंतवणूकदारांना जे शेअर घ्या म्हणून सांगितलं जात होतं त्यातल्या काहींना आपापसात कचरा म्हटलं जात होतं. कारण साधं, ज्या कंपनीचा शेअर घ्या म्हणायचं त्याच कंपनीकडून बँकिंगचं काम मिळवायचं होतं. मेरिलने दहा कोटी डॉलर भरले, २००३ मध्ये दहा मोठ्या फर्म्सनी मिळून साधारण १४० कोटी डॉलरची तडजोड केली, ब्लॉजेटला ४० लाख डॉलर भरावे लागले आणि या धंद्यातून कायमची बंदी. तेव्हापासून रिसर्च आणि बँकिंग वेगळं ठेवायचे नियम आले आणि नोटच्या शेवटी बारीक अक्षरात लिहावं लागतं की या कंपनीकडून आमच्या फर्मला बँकिंगची फी मिळते का, आमच्याकडे तिचे शेअर आहेत का. आता हे डिस्क्लोजर प्रत्येक नोटमध्ये असतं आणि माझ्या ॲपमध्ये कुठेच नसतं! बाय लिहिलेलं दिसतं, कोणी लिहिलं ते दिसतं, आणि त्याच फर्मने नुकताच त्या कंपनीचा आयपीओ आणलाय की नाही ते तुम्ही स्वतः शोधत बसा. एवढी एक ओळ टाकायला काय जातं यांचं?

कन्सेन्सस मीटरबद्दल तर बोलायलाच नको. मोठा हिरवा अर्धगोल, त्यात काटा, आणि काटा कायम उजवीकडे. मी वॉचलिस्टमधले सगळे टेक शेअर एकेक करून उघडून बघितले, जवळपास सगळे 'स्ट्राँग बाय' नाहीतर 'मॉडरेट बाय'. यात ॲपचा दोष नाही म्हणा, अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० या मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्समधल्या कंपन्यांवर जेवढी रेटिंग्ज असतात त्यातली सेल फक्त पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतात. सेल लिहिलं की कंपनीची मॅनेजमेंट फोन उचलायला टाळाटाळ करते, कॉन्फरन्स कॉलवर प्रश्न विचारायला नंबर लागत नाही, आणि ज्या फंडांकडे तो शेअर आधीच भरलेला आहे ते क्लायंट नाराज होतात. मग ॲनालिस्ट काय करतो, तोंडाने होल्ड म्हणतो, लोकांनी काय समजायचं ते समजावं. मुरलेले लोक होल्डला सेलच धरतात. पण नवीन माणूस ॲप उघडतो, त्याला हिरवं दिसतं, त्याला वाटतं चाळीस तज्ज्ञ एकमताने सांगतायत म्हणजे काळजी नाही. मीटरवर दर महिन्याला तोच रंग असेल तर मीटर हवाय कशाला, बाय वाढले का कमी झाले एवढं दाखवा ना, ते खरं कामाचं आहे.

टार्गेट प्राइस कशी बनते हे एकदा समजून घेतलं की अर्धे अलर्ट आपोआप डोक्यातून जातात, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो. बहुतेक ठिकाणी हिशोब असा असतो की पुढच्या वर्षीची एका शेअरमागची कमाई म्हणजे ईपीएस किती असेल, आणि मार्केट त्या कमाईला कितीपट भाव देईल. समजा ईपीएस ५ धरली आणि ३० पट दिले तर टार्गेट १५०. आता दोन महिन्यांत शेअर वाढून १५५ झाला, ॲनालिस्टचं टार्गेट शेअरच्या खाली राहिलं, वरून बाय रेटिंग, म्हणजे अडचण. मग नवीन नोट येते, ईपीएस तीच ५, फक्त 'या सेक्टरमधल्या इतर कंपन्यांना मिळणारा भाव वाढल्यामुळे' ३० चे ३६ पट केले, टार्गेट १८०. ॲपवर अलर्ट काय येतो, टार्गेटमध्ये २० टक्के वाढ, हिरवा बाण. कंपनी एक पैसा जास्त कमावणार नाहीये, भाव आधी वाढला आणि टार्गेट त्याच्या मागे धावलं. याच्या उलट ईपीएस ५ वरून ५.६ केली आणि पट तेवढेच ठेवले, तर टार्गेट फक्त १६८ होतं, अलर्टमध्ये लहान दिसतं, पण बातमी ही खरी आहे, कारण कोणीतरी बसून ऑर्डर, मार्जिन, गिऱ्हाइकांचा खर्च बघून कमाईचा अंदाज बदललाय. माझ्या ॲपमध्ये हे दोन्ही अलर्ट अगदी सारखे दिसतात. अंदाज बदलल्याचा एक टॅब आहे खरा, आणि तो चांगला आहे, ईपीएस आणि रेव्हेन्यूचा अंदाज गेल्या ३० आणि ९० दिवसांत कसा सरकला त्याचा छोटा ग्राफ देतात, पण तो चार वेळा खाली स्क्रोल केल्यावर येतो आणि त्याचा अलर्ट लावायची सोयच नाही. अडीच स्टारमधला दीड स्टार या एका टॅबला आहे असं समजा.

बरं, टार्गेट बाजूलाच, कधीकधी नुसता रेटिंगचा शब्द बदलला तरी पुरतो. २ जानेवारी २०२४ ला बार्कलेजने ॲपलला इक्वल वेटवरून (साधारण होल्ड) अंडरवेट (साधारण सेल) केलं, टार्गेट १६१ वरून १६०, फक्त एक डॉलर कमी, आणि शेअर त्या दिवशी साधारण साडेतीन टक्के पडला, म्हणजे शंभर अब्ज डॉलरपेक्षा जास्त मार्केट कॅप (सगळ्या शेअर्सची मिळून किंमत) गायब. गंमत बघा, १६१ चं टार्गेट आधीपासून तिथेच होतं, शेअर तेव्हा १९० च्या वर होता, म्हणजे हा माणूस आधीपासूनच सांगत होता की हा महाग आहे, पण शब्द मवाळ होता तोपर्यंत कोणी लक्ष दिलं नाही. आयफोनची विक्री ढेपाळल्याची काळजी लोकांच्या मनात आधीच होती, नोटने तिला वाचा फोडली. आणि वर्षाच्या शेवटी ॲपल २५० च्या आसपास बंद झाला. यातून तो ॲनालिस्ट चुकला एवढंच दिसतं असं मला वाटत नाही, त्याने मांडलेली विक्रीची काळजी वाचण्यासारखी होती. पण पहिल्या दिवशीची साडेतीन टक्क्यांची पडझड हा मूडचा भाग होता, आणि ॲपने नेमकी तीच लाल रंगात, व्हायब्रेशनसकट पाठवली असती.

मूडच्या बाबतीत उलटं पण होतं, म्हणजे ॲनालिस्ट शांत आणि मार्केट पेटलेलं. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी कंपनीच्या स्वस्त एआय मॉडेलच्या धसक्याने एनव्हिडिया एका दिवसात १७ टक्के पडला, जवळपास ५८९ अब्ज डॉलर गेले, आणि त्याच दिवशी कितीतरी ॲनालिस्ट लिहीत होते की एवढं घाबरायची गरज नाही, बाय कायम. कोणी ऐकलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी शेअर जवळजवळ नऊ टक्के वर आला. भीतीच्या दिवशी समजूत काढणाऱ्याचं चालत नाही, आधीच्या कुजबुजीला दुजोरा देणाऱ्याचं चालतं, हा माझा अंदाज आहे, सिद्धांत वगैरे नाही.

डाउनग्रेडच्या वेळेचा मुद्दा राहिलाच. बरेच डाउनग्रेड पडून झाल्यावर येतात. मेटा ३ फेब्रुवारी २०२२ ला एका दिवसात २६ टक्के पडला, मग ऑक्टोबरमध्ये रिझल्टनंतर परत २४ टक्के, शेअर शंभराच्या खाली, आणि तेव्हा कुठे बऱ्याच ब्रोकरेजेसनी रेटिंग कमी केलं, मेटाव्हर्सवरचा खर्च झेपणार नाही म्हणून. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, तोच शेअर जवळजवळ तिप्पट. ॲपमध्ये त्या काळातला ग्राफ बघा, लाल टिपक्यांचा गुच्छ बरोबर तळाशी आहे.

आता अलर्टच्या गर्दीबद्दल, कारण रोजच्या वापरात सगळ्यात जास्त वैताग याचाच. रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात घ्या, एकाच शेअरचे ओळीने अलर्ट, अमुकने टार्गेट वाढवलं, तमुकने वाढवलं, रेटिंग कायम, कायम, कायम. हे सगळे जण रात्री एकाच कॉन्फरन्स कॉलला बसले होते आणि कंपनीने दिलेलं गायडन्स (पुढच्या कमाईचा तिचा स्वतःचा अंदाज) आपापल्या एक्सेलमध्ये टाकून सकाळी निघालेत. बातमी एकच, कंपनीची, ती आदल्या रात्रीच भावात आली, आणि आपल्याला मिळतात तिचे पंधरा प्रतिध्वनी. रॉजर लो आणि रेने स्टुल्झ यांचा २०११ चा एक अभ्यास आहे, त्यात रेटिंग बदलांपैकी फक्त साधारण १२ टक्के असे निघाले की ज्यांनी शेअरचा भाव ठळकपणे हलवला, बाकीचे नेहमीच्या चढउतारात विरघळून गेले. म्हणजे शंभरातले बारा. ॲपला हे फिल्टर करता येणार नाही असं नाही, कारण कोणते कॉल जास्त वजनाचे असतात ते बऱ्यापैकी माहीत आहे, सगळे एकीकडे असताना एकटा दुसरीकडे जाणारा, ज्याचं नाव आधीपासून मोठं आहे असा, आणि रेटिंगसोबत कमाईचा अंदाज पण बदलणारा. पण फिल्टर केलं तर दिवसाला चाळीस ऐवजी पाच अलर्ट जातील, आणि मग लोकांना वाटेल पैसे कशाचे देतोय. इथेच सगळं गणित आहे यांचं.

अजून एक जुना अभ्यास सांगतो, केंट वोमॅक यांचा १९९६ चा. त्यात बाय कॉलनंतर शेअर थोडा वाढला आणि पुढे महिनाभर जेमतेम अडीच टक्के सरकला, पण सेल कॉलनंतरची घसरण सहा महिने चालू राहिली आणि नऊ टक्क्यांच्या आसपास गेली. तो काळ वेगळा होता, आता सगळं लवकर भावात येतं, पण दिशा अजून पटते. बाय सांगायला काही लागत नाही, सेल सांगणारा आपली नाती पणाला लावून सांगतो. म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन अपग्रेड आणि टार्गेटचे सगळे अलर्ट बंद केलेत, फक्त डाउनग्रेड चालू. तेही भाव आधीच पडलेला नसेल तरच उघडतो. तेवढ्यानेच ॲप वापरण्यालायक झालं.

ॲनालिस्टना दिलेल्या स्टारवर जास्त लिहीत नाही. टेक वर जात असताना ज्याने सगळ्यांना बाय दिलं तो पाच स्टार, ज्याने एखाद्या शेअरबद्दल वेळेच्या आधी सावध केलं तो दोन स्टार, आणि नॅस्डॅक खाली आला की ही यादी उलटी होणार. इंडेक्सच्या तुलनेत मोजा एवढं साधं आहे.

कस्टमर सपोर्टला मी दोन गोष्टी विचारल्या, यशस्वी कॉल कुठल्या भावापासून मोजता आणि बँकिंग संबंधाचं डिस्क्लोजर कुठे दिसेल. पहिल्याला उत्तर आलं की आमची पद्धत इंडस्ट्री स्टँडर्ड आहे, दुसऱ्याला आलं की तुमच्या फीडबॅकबद्दल आभार. माणसं नम्र आहेत, लवकर उत्तर देतात, उत्तरात काही नसतं एवढंच.

ॲप दिसायला छान आहे, डार्क मोड मस्त, चार्ट पटापट उघडतात, कधी क्रॅश झालं नाही, त्याचा एक स्टार. ज्यांना नोटमधला मजकूर हवाय, म्हणजे ॲनालिस्टने का बदललं, कुठल्या गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवली, डेटा सेंटरचा खर्च पुढच्या वर्षी किती धरला, त्यांना इथे दोन ओळींच्या वर काही मिळणार नाही, त्यापेक्षा कंपनीच्या रिझल्ट कॉलचा ट्रान्सक्रिप्ट वाचा, तो बहुतेक वेळा फुकट मिळतो आणि ॲनालिस्टचे प्रश्नच तुम्हाला सांगतात की त्यांना काळजी कशाची आहे. एकच प्रश्न तीन जणांनी फिरवून विचारला की समजायचं काय ते. ज्यांना दिवसभरात ट्रेड करायचाय त्यांना हे ॲप उशिरा पडतं. लांबचं बघून गुंतवणूक करणाऱ्यांना तो अंदाजांचा टॅब उपयोगी आहे, पण त्यासाठी वर्षाचा प्लॅन घेऊ नका, रिझल्टच्या सीझनमध्ये महिन्याचा घ्या आणि घेतल्या घेतल्या ऑटो-रिन्यू बंद करा, ते बटण 'सबस्क्रिप्शन' मध्ये नाहीये, 'मदत' च्या आत तिसऱ्या पानावर ठेवलंय.